आत्मिक अंधत्व व श्रद्धादृष्टी, ख्रिस्ती

आत्मिक अंधत्व व श्रद्धादृष्टी, ख्रिस्ती : ईश्वराने स्वतःला प्रकट केले असूनही ते ओळखू न शकणारी मनाची अवस्था म्हणजे आत्मिक अंधत्व आणि ईश्वरी कृपेने त्या अवस्थेतून बाहेर पडून अदृश्य सत्याची खात्री पटणे म्हणजे श्रद्धादृष्टी, असे ख्रिस्ती धर्मशास्त्रात मानले जाते. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लेखनात ‘श्रद्धा’ या शब्दापेक्षा ‘विश्वास’ हा शब्द अधिक रूढ आहे. श्रद्धेत आदर व निष्ठा यांचा, तर विश्वासात कोणावर तरी भरवसा टाकण्याचा भाव प्रधान असतो. ख्रिस्ती कल्पनेतील ‘दृष्टी’ ही या दुसऱ्या भावाशी अधिक जवळची आहे. ती एखादे तत्त्व डोळ्यांसमोर उलगडण्यापेक्षा एका व्यक्तीला ओळखण्याची क्रिया आहे.

अंधत्व या रूपकाचे मूळ यहुदी धर्मग्रंथांत सापडते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लोक पाहतात पण त्यांना उमजत नाही, अशी तक्रार येते आणि त्याच ग्रंथात पुढे आंधळ्यांचे डोळे उघडणारा ईश्वराचा सेवक येईल, असे आश्वासनही येते. नव्या करारात ही दोन्ही सूत्रे येशूच्या चरित्राशी जोडलेली आहेत. चारही शुभवर्तमानांत येशूने आंधळ्यांना दृष्टी दिल्याच्या कथा असून त्या केवळ चमत्कारकथा म्हणून सांगितलेल्या नाहीत, हे त्यांच्या मांडणीवरून दिसते. मार्काच्या शुभवर्तमानात बेथसैदा येथील आंधळा एकदम बरा होत नाही. प्रथम त्याला माणसे चालत्या झाडांसारखी भासतात आणि दुसऱ्यांदा हात ठेवल्यावरच त्याला स्पष्ट दिसू लागते. या कथेनंतर, येशूला दुःख सोसावे लागणार हे शिष्यांना पुनःपुन्हा सांगूनही त्यांच्या लक्षात येत नाही, असा भाग आहे आणि त्या भागाचा शेवट यरीहो येथील बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याच्या कथेने होतो. बार्तीमय आपले वस्त्र टाकून धावत येतो व दृष्टी लाभताच येशूच्या मागे वाट चालू लागतो. दोन आंधळ्यांच्या कथांमध्ये न समजणाऱ्या शिष्यांची हकीकत ठेवण्यात शुभवर्तमानकाराचा हेतू उघड आहे.

या विषयाचा सर्वांत विस्तृत विचार योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आढळतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात, की पाप याने केले की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. हा नकार पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा ठरतो, कारण शारीरिक अंधत्व आणि पाप यांची सांगड येथे स्पष्टपणे तोडलेली आहे. येशू मातीचा लेप डोळ्यांना लावून त्या मनुष्याला शिलोह तळ्यात धुण्यास पाठवितो. तो दिवस शब्बाथाचा असल्याने परूशी पंथाचे लोक चौकशी आरंभतात. शेजाऱ्यांना हा तोच मनुष्य आहे की नाही, याची शंका येते. सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने आईबाप, मुलगा वयात आला आहे, त्यालाच विचारा, असे सांगून मोकळे होतात. चौकशी जसजशी कडक होते, तसतसे त्या मनुष्याचे आकलन वाढत जाते. आरंभी येशू त्याच्या दृष्टीने केवळ एक माणूस असतो, मग संदेष्टा, मग ईश्वराकडून आलेला आणि अखेरीस वंदनीय प्रभू. त्याला बाहेर घालविण्यात येते आणि बाहेर घालविल्यावरच येशू त्याला पुन्हा भेटतो. आपल्याला दिसते, अशी खात्री बाळगणारे मात्र शेवटी आंधळे ठरतात. न दिसणे हा दोष नसून आपल्याला दिसतेच असा आग्रह हा दोष होय, असा या अध्यायाचा रोख आहे.

पौलाच्या परिवर्तनाच्या कथेत हेच सूत्र उलट क्रमाने येते. दमास्कसच्या वाटेवर दिव्य प्रकाशाने तो आंधळा होतो, तीन दिवस अन्नपाण्यावाचून राहतो आणि हनन्या नावाच्या शिष्याने हात ठेवल्यावर त्याच्या डोळ्यांवरून खपल्यासारखे काही गळून पडते. धर्मनिष्ठेने डोळस असल्याचा अभिमान बाळगणाऱ्याला प्रथम आंधळे व्हावे लागते, असे यातून सुचविले जाते. पुढे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने अविश्वासी मनांच्या अंधत्वाचा आणि अंधारातून प्रकाश निर्माण करणाऱ्या ईश्वराने अंतःकरणात टाकलेल्या उजेडाचा उल्लेख केला आहे. तरीही हा उजेड अपुराच असतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो सध्याचे दर्शन आरशातील अस्पष्ट प्रतिबिंबासारखे असल्याचे सांगतो. प्रकटीकरणाच्या ग्रंथात लावदिकीया येथील सधन मंडळीला ती आंधळी असल्याचे बजावून डोळ्यांत घालण्यास औषध घेण्याचा सल्ला दिला आहे. मराठी बायबलात या औषधाला ‘अंजन’ हा शब्द योजला आहे. आंधळेपणाचा आरोप येथे परक्यांवर केलेला नसून ख्रिस्ती मंडळीवरच केलेला आहे, ही गोष्ट पुढे अनेकदा विसरली गेली.

आद्य ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्यालाच ‘प्रकाशन’ म्हणत. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने तसा उल्लेख केला आहे. रोम येथील भुयारी दफनस्थळांतील चित्रांत आंधळ्याला बरे करणारा ख्रिस्त आढळतो. रोमन कॅथलिक पंथात उपवासकालाच्या चौथ्या रविवारी उपासनाचक्राच्या पहिल्या वर्षी, तर पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथात पुनरुत्थानाचा सण धरून येणाऱ्या सहाव्या रविवारी जन्मांधाची कथा वाचली जाते. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) जन्मांध मनुष्य म्हणजे सबंध मानवजात, असा अर्थ लावला आणि अंतःकरणाचा डोळा शुद्ध करणे हेच धर्मजीवनाचे काम मानले. टॉमस अक्वाय्नसच्या (सु. १२२५–७४) मते श्रद्धा म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींना बुद्धीने दिलेली संमती होय. ती देण्यासाठी बुद्धीला ‘श्रद्धेचा प्रकाश’ लागतो आणि प्रत्यक्ष ईश्वरदर्शन परलोकातच घडते. जॉन कॅल्व्हिनने (१५०९–६४) धर्मग्रंथाला चष्म्याची उपमा दिली. क्षीण दृष्टीच्या माणसाला समोरचे पुस्तक अंधूक दिसते, पण चष्मा लावताच अक्षरे उमटतात, तसा सृष्टीतील ईश्वर धर्मग्रंथामुळे स्पष्ट होतो, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाचा धर्मवेत्ता जोनाथन एडवर्ड्‌स (१७०३–५८) याने १७३४ मध्ये प्रकाशित केलेल्या एका प्रवचनात श्रद्धादृष्टी म्हणजे नवी माहिती नव्हे, तर माहीत असलेल्या गोष्टींचे सौंदर्य प्रतीत होणे, असे प्रतिपादन केले. मध गोड असतो हे माहीत असणे आणि तो चाखणे यांतील भेद त्याने दाखविला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये काढलेले पहिले परिपत्रक ‘श्रद्धेचा प्रकाश’ याच विषयावर असून त्याचा बराचसा मसुदा त्यांचे पूर्वाधिकारी सोळावे बेनेडिक्ट यांनी तयार केलेला होता.

या रूपकाचा गैरवापरही झाला. मध्ययुगीन यूरोपातील काही चर्चवास्तूंवर, विशेषतः स्ट्रॅस्‌बर्ग येथील कॅथीड्रलवर, ख्रिस्तमंडळी मुकुटधारी स्त्रीच्या व यहुदी सभास्थान डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या स्त्रीच्या रूपात कोरलेले आहे. ज्या रूपकाने प्रथम स्वतःच्या मंडळीला जागे केले, त्याचे शेजाऱ्याला हिणविण्याच्या साधनात रूपांतर झाले आणि त्याचे परिणाम यहुद्यांनी शतकानुशतके भोगले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणेत या वृत्तीचा त्याग केला.

महाराष्ट्रातील आविष्कार : मराठी प्रदेशात या कल्पनेचा कस जेथे सर्वांत अधिक लागला, ते क्षेत्र म्हणजे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा. एडवर्ड्‌सचा वारसा सांगणाऱ्या काँग्रिगेशनल पंथीयांच्या पुढाकाराने १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही धर्मप्रसारसंस्था स्थापन झाली. तिच्या मराठी मिशनने मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर येथे १८३१ मध्ये कार्य सुरू केले. १८४२ मध्ये तेथूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघू लागले. त्याचे नावच प्रकाशाच्या रूपकावर आधारलेले आहे. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या आत्मचरित्राचे अरुणोदय (१८८८) हे नावही त्याच जातीचे. आरंभीच्या मिशनरी लेखनात ‘अंधार’ आणि ‘उजेड’ हे शब्द सढळपणे वापरले गेले. त्यांचा वापर करणाऱ्यांना आपण कोणत्या भूमीवर बोलत आहोत, याची पुरेशी जाणीव नव्हती, असे म्हणावे लागते.

कारण याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली होती. अंध धृतराष्ट्राच्या प्रश्नाने आरंभ होणाऱ्या आणि अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्यदृष्टी देणाऱ्या गीतेवरील या टीकेत डोळा, अंजन, काजळी, दीप व सूर्य यांच्या प्रतिमा ठायीठायी येतात. गुरुकृपेचे अंजन लाभताच भूमीत पुरलेला ठेवा दिसू लागतो, ही कल्पना वारकरी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली होती. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महीपती (१७१५–९०) यांनी संतचरित्रांतून तीच घरोघर नेली. भारतीय परंपरेत दृष्टिहीन विद्वानाला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणण्याचाही प्रघात आहे. बालपणीच दृष्टी गमावलेले विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. तेव्हा डोळे उघडण्याची भाषा मराठी श्रोत्याला नवी नव्हती. नवे होते ते अंधत्वाचे कारण. वेदान्तात अंधत्व हे अविद्येचे फळ असून ज्ञानाने ते नाहीसे होते. ख्रिस्ती विचारात ते मुख्यतः इच्छाशक्तीच्या विकाराचे, म्हणजे पापाचे फळ असून क्षमेवाचून दूर होत नाही. भक्तिसंप्रदायात मात्र कृपेला मोठे स्थान असल्याने हे अंतर पुष्कळ कमी होते आणि मराठी ख्रिस्ती कवींनी नेमकी हीच वाट धरली.

योहानाच्या शुभवर्तमानातील बहिष्काराचा प्रसंग नगरच्या ख्रिस्ती मंडळीला केवळ वाचनातून कळलेला नव्हता. १८३९ च्या सुमारास हरिपंत खिस्ती यांच्यासारख्या ब्राह्मणांनी धर्मांतर केले, तेव्हा त्यांना ज्ञातीबाहेर जावे लागले. पुढे जिल्ह्यातील खेड्यांतून महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. त्यांना गावकुसाबाहेरच ठेवलेले असल्याने त्यांच्या बाबतीत बहिष्काराचा अर्थ निराळा होता. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर जे लोक मंडळीत आले, त्यांना खरोखर दृष्टी लाभली की केवळ अन्न, असा प्रश्न हिंदू समाजाने विचारला आणि मिशनऱ्यांनीही आपापसांत विचारला. या प्रश्नातील गृहीतक तपासण्यासारखे आहे. शुभवर्तमानातील बार्तीमय भीक मागत बसलेला होता आणि त्याने केलेली मागणी शरीराच्या डोळ्यांचीच होती. माणूस म्हणून वागविले जाण्याची इच्छा ही श्रद्धेहून हलकी समजण्याचे कारण नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या मंडळीने कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणला. कृष्णराव सांगळे हे या परंपरेतील प्रमुख कवी व कीर्तनकार होत. पूर्वरंग, आख्यान, टाळ व मृदंग यांच्या साहाय्याने निरक्षर श्रोत्यांना बायबलातील आख्याने ऐकता येऊ लागली. श्रद्धा ऐकण्याने उत्पन्न होते, असे पौलाने म्हटले आहे. नगर जिल्ह्यातील खेड्यांत दृष्टीचे रूपक असे प्रत्यक्षात कानांच्या वाटेने पोहोचले.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रात या कल्पनेचा सर्वांत सूक्ष्म आविष्कार दिसतो. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका यूरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. केवळ शब्द दिला म्हणून त्यांनी तो वाचावयास घेतला आणि गिरिप्रवचनापाशी ते थबकले. तेथून बाप्तिस्म्यापर्यंत सुमारे दोन वर्षे गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. दमास्कसच्या वाटेवरील विजेसारख्या प्रकाशाचे येथे काही नाही. पत्रव्यवहार, शंका, वाचन आणि घरच्यांपासून लपविलेला मानसिक झगडा, अशा क्रमाने घडलेले हे परिवर्तन बेथसैदाच्या आंधळ्याच्या दोन टप्प्यांत आलेल्या दृष्टीशी अधिक जुळते. पुढे ते नगरला आले, तेथील धर्मशिक्षणसंस्थेत अध्यापन करू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले.

टिळकांनी पूर्वायुष्यातील परंपरेला ‘अंधार’ मानले नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती आणि मराठी संतवाङ्‌मय हाच मराठी ख्रिस्ती माणसाचा जुना करार, असे ते मानीत. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त हा न्यायाधीशापेक्षा माउली व सद्‌गुरू म्हणून अधिक भेटतो. या भूमिकेमुळे दृष्टीच्या रूपकाचा अर्थच पालटतो. पूर्वी काहीच दिसत नव्हते असे नव्हे, तर जे अस्पष्ट दिसत होते त्याचा चेहरा ओळखू आला, असा तो अर्थ होय. मिशनरी जस्टिन अ‍ॅबट (१८५३–१९३२) यांनी उत्तरायुष्यात मराठी संतांच्या चरित्रांची व काव्यांची इंग्रजी भाषांतरे केली आणि नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने महीपतींचा भक्तविजय इंग्रजीत नेला. 

टिळकांचे परिवर्तन त्यांच्या पत्नीने प्रथम संकट म्हणूनच अनुभवले. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे माहेरच्या व सासरच्या नातलगांच्या आश्रयाने मुलासह विभक्त काढली. नंतर त्या पतीकडे नगर जिल्ह्यात राहावयास आल्या, त्या सोवळेओवळे पाळण्याच्या अटीवर. त्यांच्या स्मृतिचित्रे (१९३४–३६) या आत्मचरित्रात या काळाचे जे चित्रण आहे, त्याला ख्रिस्ती साक्षवाङ्‌मयात तोड नाही. राहुरी येथील वास्तव्यात जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाने त्यांना घेरले आणि तो माणसाने केला असे पटताच त्यांनी स्पर्शास्पर्शाचे बंधन टाकले. धर्मसिद्धान्त त्यांनी नंतर स्वीकारले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कथेत दृष्टी लाभल्याची खूण म्हणजे पाण्याचा पेला कोणाच्या हातचा आहे, हे दिसेनासे होणे. विशेष म्हणजे ज्यांनी आपल्याला टाकले, त्या नातलगांना त्या आंधळे म्हणत नाहीत. त्यांची माया, भीती व हट्ट त्या विनोदाने आणि ममतेने सांगतात. पतीच्या स्वभावातील दोषही त्या तितक्याच मोकळेपणाने नोंदवितात. टिळकांनी आरंभीचे सुमारे दहा अध्याय लिहून अपुरे ठेवलेले ख्रिस्तायन हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. त्यांना शाळेचे शिक्षण मिळालेले नव्हते, हे ध्यानात घेता ही कामगिरी असामान्य ठरते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ स्थापण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा म्हणजेच प्रकाशन, या प्राचीन समीकरणाला हा सरळ प्रश्न होता. मंडळीच्या दाखल्यात ज्याचे नाव नाही, त्यालाही ख्रिस्त दिसू शकतो काय? मिशनमधील सहकाऱ्यांत याविषयी मतभेद होते. १९१९ मध्ये टिळकांचे मुंबईत निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला.

रूपकाची इतर रूपे : नगरच्या मिशनशाळांतून दृष्टीच्या कल्पनेला आणखी एक फाटा फुटला. सिंथिया फरार यांची नगर येथील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले (१८२७–९०) यांना पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. त्यांच्या तृतीय रत्न (१८५५) या नाटकात पाद्री हे एक पात्र असले, तरी शूद्र शेतकरी दांपत्याला जो तिसरा डोळा लाभतो तो विद्येचा आहे. डोळे उघडण्याची मिशनरी भाषा फुल्यांनी उचलली आणि तिचा रोख धर्मांतराकडून शिक्षणाकडे वळविला. त्याच भाषेची दुसरी बाजू ‘अंधश्रद्धा’ या मराठी शब्दात आढळते. ख्रिस्ती विचारात अविश्वास आंधळा, तर या शब्दात श्रद्धाच आंधळी. यूरोपातील अठराव्या शतकातील प्रबोधनाचा हा वारसा महाराष्ट्रात विवेकवादी चळवळींनी चालविला आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला वैधानिक रूप मिळाले. जबाबदार ख्रिस्ती विचारवंत या टीकेला शत्रू मानीत नाहीत. चिन्हे मागणाऱ्यांविषयीची येशूची नाराजी शुभवर्तमानांत नोंदलेलीच आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे मारियेच्या जन्मदिनाच्या निमित्ताने सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेत निरनिराळ्या धर्मांचे लोक नवस घेऊन येतात. अशा ठिकाणी श्रद्धादृष्टी आणि आरोग्याची साधी इच्छा यांच्यातील सीमारेषा आखणे अवघड असते.

अलीकडे दृष्टिहीन अभ्यासकांनी या रूपकावरच आक्षेप घेतला आहे. ज्याला दिसत नाही त्याचे शरीर दुसऱ्याच्या नैतिक उणिवेचे चिन्ह म्हणून वापरले जाते, हा त्यांचा मुद्दा योहानाच्या शुभवर्तमानातील येशूच्या नकाराशी सुसंगत आहे. मराठी मिशनच्या इतिहासात मात्र रूपकाबरोबर प्रत्यक्ष कामही झाले. १८९९–१९०० च्या दुष्काळाच्या काळात त्याच अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. ती दादर येथील अंधशाळा म्हणून पुढे नावारूपास आली. केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) मुक्तिमिशनमध्ये त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याची व्यवस्था केली. लिहिणे-वाचणे व हातांनी करावयाचे उद्योग या स्त्रियांना शिकविले जात.